५०० वॅटचा ड्रिल किट: भोक पडेल, पण दांडी टिकेल का?

निकाल आधी सांगून टाकू. १० मिमी चकचा (चक म्हणजे बिट पकडणारा जबडा), ५०० वॅटचा, वायरवर चालणारा इम्पॅक्ट ड्रिल घ्यावा. पेटीसकट मिळणारा किट घेतलात तरी हरकत नाही. फक्त पेटीतले, भिंतीच्या भोकात ठोकायचे प्लास्टिकचे प्लग आणि पिवळट स्क्रू घड्याळ-कॅलेंडरपुरते ठेवायचे. माणसाचं वजन जिथे येणार तिथे ते लावायचे नाहीत. कंपन्या हे किट पडद्याच्या दांड्या आणि फोटोफ्रेम दाखवून विकतात, पण बिल्डिंगमध्ये ज्याच्याकडे ड्रिल आहे त्याचं दार वाजतं ते बऱ्याचदा वेगळ्याच कामासाठी. शेजारच्या काकूंचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, परवा घरी आणणार आहेत, बाथरूममध्ये धरायला काहीतरी बसवून द्याल का? किटची खरी परीक्षा तिथे होते.

आधी पेटी. बॉश, ब्लॅक अँड डेकर, स्टॅन्ली अशा ओळखीच्या नावांपासून फक्त ऑनलाइन दिसणाऱ्या नावांपर्यंत या गटात भरपूर माल आहे. किंमत साधारण दोन ते साडेतीन हजारांच्या पट्ट्यात. '१०० नगांचा किट' वाचून भुलू नका. त्यात एकेक स्क्रू आणि एकेक प्लग नग म्हणून मोजलेला असतो. ड्रिल, हातोडी, पक्कड, मेजरिंग टेप, लेव्हल आणि काँक्रीटचे चार-पाच बिट (भोक पाडायच्या सळ्या) एवढंच त्यातलं कामाचं.

दुकानात घेत असाल तर बॉक्स उघडायला लावा. ६ मिमीचा बिट चकमध्ये आवळून ड्रिल रिकामा फिरवा. बिटचं टोक एका जागी स्थिर दिसलं पाहिजे. ते हवेत गोल काढत असेल तर चक वाकडा आहे आणि ८ चं भोक ९ चं होणार. ट्रिगर हळू दाबल्यावर वेग हळू वाढतोय का, उलट फिरवायची कळ आहे का, हॅमर, म्हणजे बिटचे ठोके, बंद-चालू करायचा खटका घट्ट बसतोय का, हे पाहा. बाजूचं हँडल आणि खोली मोजायची सळी मिळतेय का तेही विचारा, कारण काही किटमधून हीच दोन नेमकी गायब असतात. कार्बन ब्रश (मोटरला वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे) बाहेरूनच बदलता येत असले तर उत्तम. आणि सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात आहे का, हा प्रश्न किमतीच्याही आधी विचारायचा.

“५०० वॅट कमी नाही का पडणार? ७५० चा घेऊ का?” हा नेहमीचा प्रश्न. पडतो कमी, पण लोक समजतात त्या कारणाने नाही. इम्पॅक्ट ड्रिलच्या आत दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून घसरतात आणि बिट पुढेमागे थरथरतो. ठोके मोजाल तर मिनिटाला चाळीस हजारांच्या घरात, पण प्रत्येक ठोका टिचकीएवढा. रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबावर पिस्टन आपटतो. तिथे ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण एकेक घणासारखा. १३ मिमी चकचा ७५० वॅटचा इम्पॅक्ट ड्रिल घेतलात तरी आतलं यंत्र त्याच चकत्यांचं. वजन वाढतं, छताकडे तोंड करून धरताना खांदा भरून येतो आणि काँक्रीटमध्ये फरक थोडाच पडतो. विटेच्या घरासाठी ५०० पुरतो. काँक्रीटच्या घरासाठी ७५० सुद्धा पुरत नाही, तिथे एसडीएस (बिट खटक्याने अडकवायच्या) चकचा रोटरी हॅमरच लागतो. म्हणून वॅट बघण्याआधी भिंत बघा.

भिंत ओळखायची सोपी खूण म्हणजे भोकातून पडणारी भुकटी. दाराआड किंवा कपाटामागे ५ मिमीच्या बिटने एक चाचणीचं भोक घ्या, हॅमर बंद ठेवून. पहिला दीड सेंटिमीटर राखाडी भुकटी येईल, तो गिलावा. त्यानंतर लाल पूड आली की वीट: हा ड्रिल तुमचा मित्र. पांढरी, मऊ, रांगोळीसारखी पूड भसाभस यायला लागली आणि बिट लोण्यात गेल्यासारखा गेला, तर ते सिपोरेक्स. एएसी ब्लॉकला, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या विटेला, आपल्याकडे सगळे याच नावाने ओळखतात. राखाडीच पूड येत राहिली, आवाज चिरका झाला आणि बिट पुढे सरकेना, तर ते आरसीसी, म्हणजे सळई घातलेलं काँक्रीट. कोकणात नि गोव्यात चिऱ्याच्या भिंतीतून तांबूस, जाडसर, जरा ओलसर पूड येते आणि मध्येच बिट पोकळीत गेल्यासारखा घसरतो. चिरा मुळातच सच्छिद्र, त्यामुळे तिथे लांब प्लग लागतो.

महाराष्ट्रातलं काँक्रीट अंमळ जास्तच छळतं, त्याचं कारण आपल्या पायाखाली आहे. इथली खडी बहुतेक काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची. बिटचं टोक खडीवर आलं की ५०० वॅटचा ड्रिल नुसता किंचाळतो. अशा वेळी लोक अंगाचा भार टाकतात आणि तिथेच चुकतं. जोर दिल्याने चकत्यांचा ठोका वाढत नाही, टोक मात्र तापून निळं पडतं आणि कार्बाइडची पात निखळते. दहा सेकंद चालवा, बिट बाहेर काढून भुकटी पाडा, पुन्हा दहा सेकंद. सरकत नसेल तर खिळा आणि हातोडीने भोकात चार ठोके देऊन खडी फोडा आणि मग ड्रिल लावा. बिटच्या टोकाला चकचकीत धातूचा कीस दिसला तर ती सळई आहे. हट्ट न करता भोक इंचभर सरकवा.

मायव्हनच्या, म्हणजे ॲल्युमिनियम शटरिंगच्या नव्या टॉवरमध्ये बहुतेक भिंती काँक्रीटच्याच असतात. तिथे राहणाऱ्यांनी हा किट घेऊ नये, रोटरी हॅमर घ्यावा किंवा तासाच्या हिशोबाने माणूस बोलवावा. दोन पडद्यांच्या दांड्यांसाठी चार बिट जाळण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आता बाथरूमची आधारदांडी, म्हणजे ग्रॅब बार. इथे थोडं सविस्तर.

किटमध्ये येणारा प्लग ६ मिमी जाड आणि २५-३० मिमी लांब. बाथरूमच्या डॅडोची (टाइल लावलेली) भिंत बाहेरून आत अशी असते: ८ मिमीची टाइल, तिच्यामागे १० मिमीच्या आसपास सिमेंटचा थर, मग १२-१५ मिमी गिलावा. म्हणजे पहिले ३०-३५ मिमी वीट नाहीच. किटमधला प्लग अख्खाच्या अख्खा या पापुद्र्यात राहतो, विटेला शिवतही नाही. दांडी लावल्या दिवशी घट्ट वाटते. महिन्याभराने कोणी जोरात धरली की स्क्रू, प्लग आणि टाइलचा तुकडा एकदम हातात. आणि ज्याच्या हातात येतो तो त्या क्षणी पडतच असतो.

म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून वेगळा माल आणा. ८ मिमी जाड, ६५ मिमी लांब नायलॉनचे प्लग आणि ५×८० मिमीचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. १० नंबरचा तीन इंची जेमतेम पुरतो, कारण स्क्रूचं टोक प्लगच्या टोकापर्यंत पोचलं तरच प्लग शेवटपर्यंत फुगतो. प्लगच्या बाजारातल्या नावाने, 'गिट्टी' म्हणून मागाल तर दुकानदार बहुधा पीव्हीसीची स्वस्त पुडी पुढे करेल. नायलॉनच्या प्लगला दुकानात सर्रास 'फिशर' म्हणतात. आर्टुर फिशर या जर्मन संशोधकाने १९५८ मध्ये हा फुगणारा प्लग काढला आणि त्याचं नाव वस्तूलाच चिकटलं. नुसत्या नावावर जाऊ नका, पकडीत धरून प्लग वाकवून बघा. पीव्हीसीचा वाकल्या जागी पांढरा पडतो किंवा तडकतो, नायलॉनचा चिवटपणे वाकून परत येतो.

दांडी घेताना ३२ ते ३८ मिमी व्यासाची, मॅट किंवा खरखरीत पृष्ठाची घ्या. चकचकीत पॉलिशवरून साबणाचा हात सुळकन सरकतो. दांडी आणि भिंत यांच्यात साधारण ३८ मिमी अंतर असावं. जास्त अंतर असेल तर तोल गेल्यावर हात आत घुसून कोपराशी अडकतो, आणि हाड मोडायला तेवढं पुरतं. '३०४ स्टील आहे' हे पटवायला दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो. त्याने काही सिद्ध होत नाही, स्वस्त २०२ स्टीललाही चुंबक चिकटत नाही. ३०४ चा शिक्का आणि बिल, दोन्ही मागा. टॉवेलची दांडी आधाराला चालेल, हा विचार डोक्यातून काढून टाका. तिची दोन टोकं बहुतेक जस्ताच्या ओतकामाची असतात आणि काडीसारखी मोडतात. व्हॅक्यूम कपवर चिकटणाऱ्या दांड्या तर घरात आणूच नका. कप हळूहळू हवा सोडतो आणि बाहेरून काही कळत नाही.

उंची टेपने ठरवायची नाही, ज्यांच्यासाठी दांडी आहे त्यांना विचारून ठरवायची. अमेरिकेतल्या अपंगसुलभतेच्या मानकात जमिनीपासून ३३ ते ३६ इंच दिलंय. पाच फुटांच्या काकूंना ते खांद्याकडे ओढल्यासारखं होतं. काकू आधीच घरी आल्या असतील तर कोरड्या बाथरूममध्ये, नेहमीच्या चपला घालून कमोडवर बसू द्या आणि म्हणा, “काकू, उठताना हात आपोआप कुठे जातो तेवढं दाखवा.” तिथे पेन्सिलची खूण. कोपराच्या उंचीच्या जवळपास आणि बसल्या जागेपासून जरा पुढे, अशी ती जागा निघते. त्या अजून हॉस्पिटलमध्ये असतील तर घरातलं त्यांच्या उंचीचं कोणीतरी बसवा. कुठल्या बाजूला दांडी हवी ते फिजिओथेरपिस्टला फोन करून विचारा. खुब्याच्या ऑपरेशननंतर गुडघा खुब्याच्या वर जाऊ देऊ नका असं बऱ्याच रुग्णांना सांगितलेलं असतं. तसं असेल तर नेहमीच्या कमोडवर चार इंची उंच सीट बसवावी लागते आणि सगळी मापं तिच्या वरून धरायची. दांडी आधी आणि सीट नंतर असं केलंत तर भोकं चुकली म्हणून समजा.

भोक पाडण्याआधी बोटाच्या पेराने किंवा नाण्याने टाइल वाजवून बघा. पूर्ण भरलेली टाइल ठक्क वाजते, पोकळ असेल तर डबडब. मागे सिमेंटचे फक्त पाच गोळे लावून टाइल चिकटवलेली असली की मधला भाग अधांतरी राहतो आणि स्क्रू आवळताना तडकतो. टाइलच्या कडेपासून निदान २५ मिमी आत राहा. पाइप कुठून गेलेत याचा अंदाज नळांवरून घ्यायचा. प्रत्येक नळाच्या, गिझरच्या जोडाच्या आणि डायव्हर्टरच्या (शॉवर-नळाचं पाणी वळवणाऱ्या कॉकच्या) सरळ वर-खाली आणि सरळ आडवी अशी १० सेंटिमीटरची पट्टी सोडून द्यायची. गिझरच्या स्विचमधून उभी जाणारी वायरही त्यातच धरा. मूळ प्लंबरने तिरका पाइप नेला असेल तर हा अंदाज फसतो. म्हणून पहिलं भोक पाडताना वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुठला ते माहीत असू द्या, नाहीतर कारंजं उडाल्यावर गच्चीकडे धावावं लागतं.

वीज आणि पाणी एका खोलीत, तेव्हा जमीन पुसून कोरडी करा. एक्स्टेंशन बोर्ड बाथरूमच्या बाहेर, पायात रबरी चप्पल, गिझरचा स्विच बंद. घरात ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर तिचं टेस्ट बटण दाबून ती पडते का ते आधी पाहा.

आता भोक. दांडीचा फ्लँज, म्हणजे टोकाची गोल चकती, भिंतीला धरून तिन्ही भोकांच्या खुणा करा. दोन फ्लँज, सहा भोकं. खुणांवर कागदी मास्किंग टेप लावा म्हणजे टोक घसरत नाही. टाइल फोडायला भाल्याच्या टोकासारखा कार्बाइडचा टाइल बिट, ८ मिमीचा. हॅमर बंद, वेग अगदी कमी, जोर फक्त हाताच्या वजनाइतका. टाइलला आरपार तडा जातो तो बहुतेक हॅमर चालू राहिल्याने. खटका दोनदा बघा. साधी सिरॅमिक टाइल अर्ध्या-एक मिनिटात देते. दोन मिनिटं झाली तरी नुसता पांढरा ठिपका दिसत असेल तर ती व्हिट्रिफाइड आहे, तिला डायमंडचा पोकळ बिट लागतो. तो तिरका धरून सुरुवात करायची, खाच पडली की सरळ करायचा. ओल्या स्पंजने टाइलवर थेंब सोडत राहायचं, पण ड्रिलच्या हवेच्या जाळीवर पाणी उडता कामा नये.

टाइल पार झाली की ८ मिमीचा काँक्रीट बिट लावा. बिटवर टोकापासून ८५ मिमीला चिकटपट्टीची खूण करा. साडेचार इंची भिंत दोन्हीकडच्या थरांसकट साडेसहा इंचांच्या आसपास भरते, त्यामुळे पलीकडच्या खोलीत बिट निघायची भीती नाही. लाल विटेत हॅमर न लावताच भोक नेमकं पडतं. हॅमर लावला की वीट आतून भुसभुशीत होते. आता भुकटी काढा. सायकलचा छोटा पंप किंवा सलाइनची नळी भोकाच्या तळापर्यंत घालून फुंका, डोळे मिटून. ही पायरी जवळपास सगळेच गाळतात आणि मग प्लग गोल फिरतो म्हणून कंपनीला शिव्या देतात. भुकटीवर बसलेला प्लग म्हणजे वाळूवर रोवलेली काठी.

प्लग हलक्या ठोक्यांनी आत घाला आणि शेवटी खिळ्याच्या डोक्याने आणखी आठ-दहा मिमी ढकला, म्हणजे त्याचं तोंड टाइलच्या मागे जाईल. तो टाइलमध्येच फुगला तर टाइल फुटणार. सिलिकॉनचा एकेक थेंब प्रत्येक भोकात, पाणी भिंतीत मुरू नये म्हणून. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं, बुरशीरोधक घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सिमेंटला नीट धरत नाही आणि संगमरवरावर डाग पाडतं. स्क्रू अर्ध्यापर्यंत ड्रिलने न्या आणि तिथून पुढे हाताने आवळा. या ड्रिलला टॉर्कचा क्लच नसतो, म्हणजे थांबायचं कुठे हे त्याला कळत नाही. सहापैकी एखादा स्क्रू फिरत राहिला तर ‘बाकीचे पाच आहेत ना’ असं म्हणू नका. तो प्लग काढून १० मिमीचा घाला, भोक मोठं करून, आणि स्क्रूही त्याला साजेसा जाड घ्या.

दुसऱ्या दिवशी चाचणी. लावणाऱ्याने स्वतः दोन्ही हातांनी दांडी धरून मागे झुकायचं, मग दोन-तीन हिसके द्यायचे. फ्लँजच्या कडेला केसाएवढी फट जरी उघडली तरी काकूंना हात लावू द्यायचा नाही. आठ दिवसांनी पुन्हा आवळून बघायचं आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी.

काही भिंतींवर हे काम करायचंच नसतं. सिपोरेक्समध्ये साधा प्लग फिरतो. त्यासाठी खास एएसीचे प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का करायचा बोल्ट) मिळतात, पण माणसाचा हिसका झेलायचा तर भिंतीच्या पलीकडून पत्र्याची पट्टी देऊन आरपार बोल्ट हीच खात्रीची पद्धत, आणि ती घाईत होत नाही. टाइल पोकळ असतील तेव्हाही नाहीच. जमिनीवर पाय असलेली दांडी लावू म्हणाल, तर जमिनीत भोक म्हणजे वॉटरप्रूफिंगला भोक: एका शेजाऱ्याला आधार आणि खालच्याच्या छताला ओल. अशा वेळी कमोडभोवती उभी राहणारी, उंची कमी-जास्त होणारी सेफ्टी फ्रेम आणा. तिला एकही भोक लागत नाही, आणि रुग्णसाहित्य भाड्याने देणाऱ्यांकडे कमोड खुर्चीही मिळते. ड्रिल घेऊन गेलात म्हणून भोक पाडूनच परत यावं असं नाही.

त्याच खेपेत दाराचंही बघा. बाथरूमचं दार आत उघडत असेल आणि माणूस आत पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं. दार फिरवणं सुताराचं काम, पण आतली कडी काढून बाहेरून नाण्याने उघडता येणारा लॅच बसवणं या किटने अर्ध्या तासात होतं. पीव्हीसीचं दार आतून पोकळ असतं, त्यात स्क्रू धरत नाही. ४ मिमीचं आरपार भोक आणि दोन्हीकडे वॉशर देऊन नट-बोल्ट लावा.

बाकीच्या घरकामांत किट चोख आहे, एक-दोन अडचणी सोडल्या तर. पडद्याची दांडी लावताना खिडकीच्या लगेच वर भोक पडत नाही अशी तक्रार ऐकू येते. तिथे लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई असते, साधारण सहा इंच जाड आरसीसी. कंस खिडकीच्या वर आठ इंचांवर घ्या, वीट लागेल आणि पडदाही उंच दिसेल. कपडे वाळत घालायच्या पुलीसाठी छताला ६ मिमीची, ४० मिमी खोल भोकं चालतात. गॉगल घालाच. पंख्याच्या हुकापासून स्विचबोर्डाच्या भिंतीकडे जाणाऱ्या सरळ रेषेवर मात्र भोक नको. स्लॅबमधली वायरची नळी बहुतेक त्याच वाटेने जाते. स्लॅबची सळई वीसेक मिमीवरच लागू शकते, लागली तर सरका. पूड अंगावर येऊ नये म्हणून बिटवर जुन्या प्लास्टिक बॉलचा अर्धा भाग ओवतात, तो उपाय मस्त आहे. भिंतीवर भोकाच्या खाली वापरलेलं पाकीट उघडं चिकटवलं की झाडूही लागत नाही.

ज्या कामाला हा ड्रिल नाही तेही सांगतो, कारण शेजारी मागायला येतात ते नेमकं त्यालाच. रंग किंवा पुट्टी ढवळायला दांडा लावून देऊ नका. कमी वेगात जड भार म्हणजे मोटर तापून करपल्याचा वास. चिमणीच्या पाइपसाठी मोठं गोल भोक पाडणं हे कोअर कटिंगवाल्याचं काम. आणि टाइल उखडणं, भिंतीला खाचा मारणं हे याच्या कुळातच नाही.

ड्रिल तापला तर लगेच बंद करू नका. बिट बाहेर काढून अर्धा मिनिट रिकामा, पूर्ण वेगात चालवा, पंख्याची हवा मोटर थंड करते. जाळीतून दिसणाऱ्या ठिणग्या एकदम वाढल्या किंवा ड्रिल मध्येच मरायला लागला तर कार्बन ब्रश झिजलेत. जोडी स्वस्त मिळते, पण नेमक्या मापाचीच घ्या आणि दोन्ही एकदम बदला. छताचं काम झाल्यावर चकमध्ये पडलेली भुकटी उलटा धरून झटका, नाहीतर जबडे अडकतात. किटमधले बिट वीस-पंचवीस भोकांनंतर बोथट झाले तर नवल नाही. ६ आणि ८ मिमीचा एकेक चांगला काँक्रीट बिट सुटा घेऊन ठेवा, पेटीतले सगळे बिट मिळून जेवढं काम करतात त्याहून जास्त हे दोघे करतील.

पेटी बिल्डिंगमध्ये फिरणार हे गृहीत धरून चकची चावी वायरला, प्लगच्या टोकाजवळ बांधून टाका. चावी वापरायची तर प्लग काढावाच लागतो, ही सुरक्षितता फुकटात मिळते. बऱ्याच सोसायट्यांत दुपारी दोन ते चार ठोकठोक बंद असते, पेटी देताना तेवढं सांगायचं. परत आली की झाकण उघडून बाजूचं हँडल, ८ चा बिट आणि खोली मोजायची सळी आहे का ते पाहायचं, कारण हरवतात त्या याच वस्तू आणि सुट्या मिळायला अवघड. टाइल बिट मात्र पेटीत ठेवूच नका. कोणीतरी तो हॅमर चालू ठेवून कॉलममध्ये घालतोच, आणि पुढच्या दांडीच्या वेळी हातात येतं ते टोक उडालेलं.